पेढा तीन आठवडे उपाशी आहे

पत्र

आम्ही मिशिगनला राहतो. मुलगा १३ वर्षांचा असताना त्यानं हट्टानं लेपर्ड गेको, म्हणजे पाळायची पाल, आणला. त्याचं नाव पेढा. आता मुलगा कॉलेजला गेला आणि पेढा माझ्या गळ्यात पडला. मला पालीची किळस आहे हे आधीच सांगते. नाताळच्या सुट्टीत पेढा व्यवस्थित खात होता. मुलगा परत गेल्यावर सासूबाईंच्या सांगण्यावरून मी टँक बेसमेंटमध्ये हलवला. खाली अंथरलेले पेपर टॉवेल बरे दिसत नाहीत म्हणून दुकानातून पांढरी कॅल्शियमची वाळू आणून घातली. तेव्हापासून तीन आठवडे त्याचं जेवण बंद आहे. सुरुवातीला दोन अळ्या खाल्ल्या, त्या अर्धवट पचलेल्या बाहेर टाकल्या. रात्री रातकिडे सोडते, ते सकाळी तसेच फिरत असतात. शेपटी बारीक झाली आहे. बोटांना पांढरं काहीतरी चिकटलंय. टँकवरचा काटा ७८ अंश फॅरनहाइट दाखवतो. सासूबाई म्हणतात, दुधात हळद घालून ड्रॉपरनं पाजा. व्हिडिओत सिरिंजनं भरवतात, तसं करू का? तो मरणार आहे का? आणि मुलाला सांगू की नको? त्याची परीक्षा तोंडावर आहे.

– एक आई, मिशिगन


उत्तर

ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. मुलाला आजच फोन करा. परीक्षा आहे म्हणून घरातलं आजारपण लपवायची आपल्याकडे जुनी रीत आहे आणि ती मला कधीच पटलेली नाही. पेढ्याचं शेवटचं वजन किती होतं, कॅल्शियमची पावडर कधी आणलेली आहे, हीट मॅटला (टँकच्या तळाशी लावायच्या विजेच्या गरम चटईला) थर्मोस्टॅट (तापमान आवरणारं यंत्र) जोडलाय का, मागच्या हिवाळ्यातही तो कमी खायचा का, यातलं काही तुम्हाला माहीत नाही आणि मला तर नाहीच. पाच वर्षं ज्यानं त्याला सांभाळलं त्याला ते माहीत असणार. शिवाय उद्या काही वाईट निघालंच, तर "मला का नाही सांगितलंस?" हा प्रश्न परीक्षेपेक्षा जास्त काळ घरात राहील.

तो मरणार आहे का? नुसतं तीन आठवडे जेवला नाही एवढंच लिहिलं असतंत, तर मी तुम्हाला निवांत झोपायला सांगितलं असतं. लेपर्ड गेको मूळचा अफगाणिस्तान-पाकिस्तानकडच्या कोरड्या, खडकाळ मुलखातला. तिकडच्या थंडीत किडे मिळेनासे होतात, तेव्हा हा प्राणी दगडांच्या कपारीत शिरून शेपटीत साठवलेल्या चरबीवर दिवस काढतो. घरात वाढलेल्यांच्याही अंगात तो हिशेब असतो. दिवस लहान झाले की कित्येक प्रौढ गेको खाणं कमी करतात, काही तर पूर्ण थांबवतात. कात टाकायच्या आधी रंग दुधाळ होतो, तेव्हाही दोन-चार दिवस जेवत नाहीत. जागा बदलली की आठवडा-दोन आठवडे रुसून बसतात. पण धडधाकट प्रौढ गेकोचं अशा उपासात वजन फारसं हलत नाही. पेढ्याची शेपटी बारीक झाली आहे आणि त्यानं अन्न उलटून टाकलंय. या दोन गोष्टी मला आवडलेल्या नाहीत. म्हणून डॉक्टरांची वेळ याच आठवड्यातली घ्या. "अजून थोडे दिवस बघू" आता नको.

तोवर घरी बरंच करता येईल, आणि त्यातलं पहिलं काम आज रात्रीच करायचं आहे. टँक वर आणा.

गेकोला स्वतःच्या अंगात ऊब तयार करता येत नाही. त्याचं पचन बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर चालतं, मुख्यतः पोटाखालच्या गरम जमिनीवर. चूल पेटवल्याशिवाय भात शिजत नाही, तसं आहे हे. जमीन थंड असली की गिळलेली अळी पोटात तशीच पडून राहते, सडू लागते, आणि शेवटी तो ती ओकून टाकतो. त्यानंतर त्यानं खाणं बंद केलं यात मला त्याचा शहाणपणाच दिसतो. पोट काम करत नसताना जेवणाऱ्या गेकोची मला जास्त काळजी वाटली असती. मिशिगनच्या जानेवारीत बेसमेंट किती गार असतं हे मी तुम्हाला सांगायला नको.

"पण काटा ७८ दाखवतो," असं तुम्ही म्हणाल. काचेवर चिकटवलेला तो गोल काटा काचेजवळच्या हवेचं तापमान सांगतो, तेही अंदाजपंचे. पेढा झोपतो जमिनीवर. गरम बाजूच्या लपणाच्या आत, जमिनीचं तापमान ८८ ते ९२ अंश फॅरनहाइट हवं, म्हणजे साधारण ३१ ते ३३ सेल्सिअस. थंड बाजू ७५ ते ७७ च्या आसपास. तो या दोन टोकांमध्ये ये-जा करून स्वतःचं तापमान स्वतःच सांभाळतो, म्हणून दोन्ही टोकं लागतात. सगळा टँक एकसारखा गरम केला तर तेही चूकच. मोजायला तारेच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर आणा, नाहीतर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी इन्फ्रारेड गन. कोविडच्या काळात घेतलेली कपाळाला दाखवायची गन घरात पडलेली असेल, ती या कामाची नाही. ती माणसाच्या अंगाच्या तापापुरतीच बनवलेली असते.

टँक हलवताना हीट मॅटचा प्लग काढला असणार. तो परत नीट लावलाय का, मॅट हाताला गरम लागते का, हे बघा. मॅटला थर्मोस्टॅट नसेल तर आजच मागवा, कारण नियंत्रण नसलेल्या मॅटनं पोटाची कातडी भाजते आणि गेको तिथून उठत नाही. विजेवर तापणारे नकली दगड मिळतात, ते याच कारणासाठी घेऊ नका. रात्री लाल बल्ब चालू ठेवत असाल तर तो बंद करा. गेकोला मंद उजेडातही रंग दिसतात, त्याला तो दिवसच वाटतो. हवा फारच गार होत असेल तर उजेड न पाडणारा सिरॅमिक हीटर मिळतो, तो लावा, त्यालाही थर्मोस्टॅट हवाच. दिवसा साधा दिवा ठरावीक वेळी लागू-मालवू द्या.

आता सासूबाईंचं. टँक मुलाच्या खोलीत ठेवा आणि त्यांना एवढं सांगा: हा भिंतीवर चढत नाही. आपल्याकडच्या घरपालीच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या असतात, याच्या बोटांना साध्या नख्या असतात. काचेवरसुद्धा त्याला चढता येत नाही, देवघराच्या वर जाऊन चुकचुकणं तर दूरच. याच्या अंगात विषही नाही. (घरपालीतही नसतं, पण तो वाद आज काढू नका.) त्याला पापण्या आहेत, तो डोळे मिटून झोपतो, एकदा झोपलेला दाखवा. इतकं करूनही त्यांना नकोच असेल तर दार बंद ठेवा, पण टँक खाली जाणार नाही हे ठरलेलं असू द्या.

हळद-दुधाबद्दल मात्र स्पष्ट नाही म्हणा. किडे खाणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्याला दूध पचत नाही, आणि ड्रॉपरनं घातलेलं काहीही श्वासनलिकेत जाऊ शकतं. अंड्याचा बलक, मध, बद्धकोष्ठावर म्हणून तेल, हे सगळं त्याच कारणासाठी वर्ज्य. त्यांचा हेतू चांगला आहे. उपाशी जीव बघवत नाही म्हणून त्या सुचवतायत.

वाळू काढून टाका, सगळी. कॅल्शियमची वाळू पचते असं पाकिटावर सुचवलेलं असतं, म्हणून चांगली चांगली माणसं ती घेतात. गेको कॅल्शियमच्या ओढीनं ती चाटतो आणि आतड्यात तिचा गोळा बसू शकतो. अंग थंड आणि पाणी कमी असेल तर आतडं ती पुढे ढकलत नाही. जुने पेपर टॉवेलच परत अंथरा. ते दिसायला भिकार आहेत, पण त्यावर शी दिसते, आणि सध्या आपल्याला शी बघायचीच आहे. निरोगी शी तपकिरी असते आणि तिला पांढरा खडूसारखा भाग असतो, ती त्याची लघवी. काही खाल्लंच नसेल तर आठ-दहा दिवस शी न होणं स्वाभाविक आहे. पोट टणक लागत असेल, कातडीतून निळसर काळा डाग दिसत असेल किंवा तो कुंथत असेल, तर ते स्वाभाविक नाही, लगेच निघा.

उबेनंतर पाणी. तीन आठवडे न जेवलेला गेको हमखास थोडाफार सुकलेला असतो, कारण त्याला बरंचसं पाणी किड्यांमधूनच मिळतं. टँकमध्ये ताज्या पाण्याची उथळ वाटी कायम ठेवा. शिवाय रोज एकदा, टँक नीट गरम झाल्यावर, एका डब्यात ८५ ते ९० अंश फॅरनहाइटचं कोमट पाणी घ्या, त्याच्या कोपरापर्यंत येईल इतकंच, आणि १५ मिनिटं त्यात बसवा. समोरून हलू नका. नाकाच्या टोकावर पाण्याचा एक थेंब सोडला तर बरेच गेको चाटून घेतात. बोटांना चिकटलेलं पांढरं म्हणजे न निघालेली कात. ती सुकून बोटाला आवळते आणि पुढे बोटच गळून पडतं. भिजल्यावर ओल्या इअरबडनं हलकेच फिरवून सोडवा, ओढू नका. कोरडी चिकटली असेल तर उद्या परत भिजवा. दह्याच्या रिकाम्या डब्याला भोक पाडून आत ओला पेपर टॉवेल ठेवला की त्याचं ओलसर लपण होतं; ते टँकमध्ये कायम असू द्या.

त्याला भिजवायचा डबा स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचा नाही, हे ठळक अक्षरात लिहिलंय असं समजा. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शीमध्ये साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो, प्राणी अगदी ठणठणीत असला तरी. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था, सीडीसी, पाच वर्षांखालची मुलं आणि ६५ वर्षांवरची माणसं असलेल्या घरांना याबाबत खास सावध करते, आणि तुमच्या घरात सासूबाई आहेत. डबा, चिमटा, टॉवेल वेगळे ठेवा, आणि प्रत्येक वेळी साबणानं हात धुवा.

तुम्हाला किळस वाटते, तरी हे सगळं तुम्ही करणार आहात. मी त्याबद्दल काही गोड बोलत नाही, फक्त एक सोय सांगते. त्याला मुठीत धरायची गरजच नाही. समोर रिकामा डबा आडवा धरा, मागून शेपटीला न लागता हळूच पुढे सरकवा, तो स्वतः आत जातो. शेपटीला तर हात लावूच नका. घाबरला की तो ती तोडून टाकतो, आणि त्याची उरलेली सगळी शिल्लक तिच्यात आहे.

त्याच डब्यात वजन करा. स्वयंपाकघरातल्यासारखा ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा त्याच्यासाठी वेगळा घ्या, डबा ठेवून शून्यावर आणा, मग पेढा. तारीख आणि आकडा लिहून ठेवा, दर दोन-तीन दिवसांनी. मुलाकडून मागचं वजन कळलं तर उत्तम; त्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त घट असेल तर ती गंभीर समजा आणि डॉक्टरांच्या दवाखान्यात फोनवरच तो आकडा सांगा, वेळ लवकर मिळायला मदत होईल. काटा नसला तरी डोळ्यांनी एक अंदाज येतो: चांगल्या गेकोची शेपटी निदान मानेइतकी जाड असते. मानेपेक्षा बारीक झाली, कमरेची हाडं वर आली, डोळे खोल गेले, म्हणजे साठा संपत आलाय.

जेवणाचं आता सांगते, इतक्या उशिरा, कारण क्रमच तो आहे. टँक सलग तीन-चार दिवस योग्य तापमानावर राहिल्याशिवाय काहीही देऊ नका. रात्री सोडलेले रातकिडे तर आधी बाहेर काढा. उपाशी रातकिडे गेकोलाच कुरतडतात, ओठ, बोटं, शेपटीचं टोक, आणि अशक्त प्राणी प्रतिकार करत नाही. नंतर संध्याकाळी अंधार पडल्यावर, दिवे मंद करून, लांब चिमट्यात एकच अळी किंवा एकच छोटा किडा धरून त्याच्यासमोर हळू हलवा. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. पाच मिनिटांत घेतला नाही तर गुपचूप काढून घ्या आणि दोन दिवसांनी परत. दर तासाला नाकासमोर अळी नाचवली तर तो चिमटा बघूनच लपायला शिकतो. नेहमीची मीलवर्म अळी नको असेल तर डुबिया झुरळ किंवा हॉर्नवर्म अळी देऊन बघा. हॉर्नवर्ममध्ये पाणी भरपूर असतं. वॅक्सवर्म अळी बहुतेक गेको झडप घालून खातात, पण ती नुसती चरबी असते आणि नंतर दुसरं काही खात नाहीत, म्हणून तोंड सुरू करण्यापुरती एखादी. किड्यांना आदल्या दिवशी गाजर-पालेभाजी खाऊ घाला आणि कॅल्शियम पावडरीत घोळून द्या. पावडरीच्या डबीवरची तारीख बघा. अंगणातले, बागेतले किडे नकोत, फवारणीचा भरवसा नाही. काजवा तर चुकूनही नको, तो सरड्यांच्या जातीला जीवघेणा विषारी ठरतो.

सिरिंजनं भरवू नका. व्हिडिओत सोपं दिसतं. सुकलेल्या, गारठलेल्या प्राण्याच्या पोटात जबरदस्तीनं अन्न ढकललं तर ते पचणार नाहीच, फुफ्फुसात जाण्याचा धोका मात्र खरा आहे. कॅल्शियम कमी पडलेल्या गेकोचा जबडा मऊ झालेला असतो, तो उघडताना मोडू शकतो. आणि खूप दिवस उपाशी असलेल्या शरीरावर एकदम भरपूर अन्नाचा मारा हा स्वतंत्र धोका आहे. डॉक्टर तपासून गरज वाटली तर मांसाहारी प्राण्यांसाठी बनवलेली पावडर पातळ करून द्यायला सांगतील, किती आणि कशी हे दाखवतीलही. बहुतेकदा ती ओठावर थेंबथेंब लावून चाटवता येते.

डॉक्टर निवडताना नेहमीच्या कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात थेट जाऊ नका. असोसिएशन ऑफ रेप्टिलियन अँड अँफिबियन व्हेटरनेरियन्स या संस्थेची सभासद डॉक्टरांची यादी आहे, त्यात जवळचे शोधा. फोनवर सरळ विचारा, "तुम्ही लेपर्ड गेको नेहमी बघता का?" तपासणीचा अंदाजे खर्चही तेव्हाच विचारा, त्यात कमीपणा नाही. नवीन गेको याहून स्वस्त येईल असं कुणीतरी तुम्हाला सांगेलच. पाळलेले लेपर्ड गेको १५-२० वर्षं जगतात. पेढा जगला-वाचला तर तुमच्या मुलाच्या लग्नातही असेल. मी असते तर खर्च केला असता.

जाताना ताजी शी मिळाली तर बंद पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवलेली न्या. (तोही फ्रिज स्वयंपाकघरातला असेल, तर दोन पिशव्या आणि एक बंद डबा.) टँकचे, दिव्यांचे, पावडरीच्या डबीचे फोटो, तापमानाचे आकडे आणि वजनांचा कागद सोबत असू द्या. डॉक्टर तोंडात जखम किंवा पू आहे का बघतील, शीमध्ये जंत आहेत का तपासतील, वाळूसाठी एक्स-रे काढतील. एक्स-रेत अंडीही दिसतात. हसू नका; पिल्लू असताना "नर" म्हणून विकलेला गेको मोठेपणी मादी निघणं अगदी नेहमीचं आहे. यांचं लिंग अंडं कोणत्या तापमानाला उबवलं त्यावर ठरतं, आणि मादी नराशिवायही अंडी धरते आणि त्या काळात जेवण सोडते.

आणखी एक तपासणी तुम्ही स्वतःहून मागा, ती म्हणजे क्रिप्टोस्पोरिडियमची पीसीआर. हा आतड्यातला परजीवी आहे. यात शेपटी काडीसारखी होते आणि खाल्लेलं उलटून पडतं, म्हणजे तुमच्या पत्रातलीच लक्षणं. तुमच्या बाबतीत थंड बेसमेंट हे कारण मला जास्त संभवनीय वाटतं, कारण जागा बदलली आणि त्याच सुमाराला सगळं सुरू झालं. पण नुसत्या संभवावर राहू नका. एका तपासणीत आढळला नाही म्हणजे नाहीच असंही नसतं, कधी परत करावी लागते. या रोगावर भरवशाचा इलाज नाही, आणि नेहमीच्या फिनाइल-ब्लीचनं तो टँकमधून जात नाही. तोच निघाला, तर पेढ्याला त्रासातून सोडवायचं का हा निर्णय समोर येईल, आणि तो मुलाशिवाय घेऊ नका.

तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, नाकातोंडाला फेस, पाय थरथरणं, अंग उचलता न येणं, उताणा केल्यावर सरळ न होणं, शेपटीखालून काही बाहेर आलेलं दिसणं: यातलं काहीही दिसलं तर ठरलेल्या वेळेची वाट न बघता तातडीच्या दवाखान्यात.

नेताना गाडी आधी दहा मिनिटं तापवा. छोट्या डब्याला भोकं पाडून पेपर टॉवेल घाला, पेढा त्यात, आणि डबा थंड पेयांच्या इन्सुलेटेड पिशवीत. शेजारी टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली, डब्याला थेट न टेकता. पिशवीची चेन थोडी उघडी ठेवा. मुलाला त्या वेळी व्हिडिओ कॉलवर घ्या, डॉक्टरांच्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं तोच देईल.

आणि त्यानं पहिली अळी खाल्ली की आनंदाच्या भरात वाटीभर देऊ नका. एक, मग दोन दिवसांनी दोन, आणि प्रत्येक वेळी उलटी होते का याकडे लक्ष. वजन महिनाभर लिहीत राहा.